वासरांची हगवण व मीठ-सोड्याचे पाणी

हगवण लागलेल्या वासराचे दूध तोडून त्यास गुळाचे पाणी पाजण्याची चाल वासराच्या जिवावर बेतते. हगवणीने मरणारी पुष्कळशी लहान वासरे अंगातील पाणी व क्षार निघून गेल्याने मरतात. पातळ शेणावाटे आम्ल मारणारा क्षारही वाहून जातो, रक्ताची आम्लता वाढते व वासरू सुस्त होऊन आचळाला तोंड लावीनासे होते. आठवड्याहून मोठ्या वासरात डोळे फारसे खोल गेले नसतानाही ही आम्लता वाढलेली असू शकते.

मानेची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती सावकाश बसल्यास पाणी घटले असे समजावे. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ४ ग्रॅम मीठ, ४ ग्रॅम खाण्याचा सोडा (धुण्याचा कदापि नव्हे) व २० ग्रॅम ग्लुकोज विरघळवावे. ग्लुकोजाबरोबर मीठ व पाणी आतड्यात शोषले जाते. साखर व गूळ लहान वासरास पचत नाहीत, उलट हगवण वाढते. २५ किलोच्या वासरास प्रत्येक वेळी सव्वा लिटर, दिवसातून तीनदा पाजावे. दूध चालूच ठेवावे. परंतु सोड्यामुळे पोटात दूध नीट साकळत नाही, म्हणून दोहोंत दोनतीन तासांचे अंतर असावे.

तोंडात बोट घातले असता वासरू चोखत नसेल, तर बाटलीने पाणी ओतू नये. ते फुप्फुसात जाते. अशा किंवा उठू न शकणाऱ्या वासरास शिरेतूनच द्रावण द्यावे लागते. त्यासाठी पशुवैद्यकास त्याच दिवशी बोलवावे.