पेरणीची तारीख आधी ठरते, मग सामन्याची का नाही?



या पानावर तुमची-माझी गाठ पडते ती बियाणं, खत नाहीतर कीड-रोगाच्या निमित्तानं. आज मात्र विषय क्रिकेटचा आहे. तुम्ही म्हणाल, कृषी खात्याच्या माणसाला हे काय सुचलं? पण माझा अनुभव असा की गावात शेतीशाळा भरवली की पहिली दहा मिनिटं कालच्या सामन्यावरच जातात. बीजप्रक्रियेचा विषय त्यानंतर निघतो. ज्या खेळावर आपण एवढा जीव टाकतो, त्याच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत आपल्याला जागा किती, हे एकदा बघायला नको का?

२०२३ साली एकदिवसीय सामन्यांचा विश्वचषक आपल्या देशात झाला. दहा मैदानं, दहा संघ, ४८ सामने. माझ्या गटातल्या पाच-सहा पोरांनी धरलं, साहेब, एक तरी सामना मैदानावर बघायचाच. भारताच्या सामन्याचं तिकीट काढायला बसलो, तर मोबाईलवर रांगेतला नंबर आला, तो काही पुढं सरकेना. रेंज गेली की पुन्हा शेवटी. भारताचं तिकीट मिळालंच नाही. दुसऱ्या दोन संघांचं मिळालं, तर कागदी तिकीट घ्यायला शहरात जावं लागलं. म्हणजे एक दिवस मोडला. सामना संपला रात्री, शेवटची एसटी निघून गेलेली. येताना जीप केली, तिचं भाडं तिकिटापेक्षा जास्त झालं. पोरं म्हणाली, मजा आली, पण पुन्हा नको. हे 'पुन्हा नको' माझ्या मनाला लागलं.

घोळ कुठं झाला?

शेतीत उशिरा केलेलं नियोजन काय करतं, हे तुम्हाला सांगायला नको. वापसा गेल्यावर तिफण काढून उपयोग काय? या स्पर्धेचं तेच झालं. सामने सुरू व्हायचे होते ५ ऑक्टोबर २०२३ ला आणि वेळापत्रक जाहीर झालं २७ जूनला, म्हणजे फक्त शंभर दिवस आधी. त्याआधीच्या स्पर्धा बघा. इंग्लंडमधल्या २०१९ च्या स्पर्धेचं वेळापत्रक वर्षभराहून अधिक आधी आलं होतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या २०१५ च्या स्पर्धेचं तर दीड वर्ष आधी.

बरं, आलेलं तरी कायम राहिलं का? नाही. ९ ऑगस्टला नऊ सामन्यांच्या तारखा-वेळा बदलल्या. भारत-पाकिस्तान सामना १५ ऑक्टोबरचा १४ ला आला, कारण १५ ला घटस्थापना. आता घटस्थापना कधी आहे हे पंचांगात आधीच छापलेलं असतं, त्यासाठी ऑगस्ट उजाडायची गरज नव्हती. उलट भारत-नेदरलँड्स सामना ११ नोव्हेंबरचा १२ ला नेला, तर तो नेमका लक्ष्मीपूजनाचा दिवस निघाला! तिकीटविक्री सुरू झाली २५ ऑगस्टला.

परिणाम सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. पहिला सामना इंग्लंड-न्यूझीलंड, गुरुवारचा दिवस, अहमदाबादचं एक लाख बत्तीस हजारांचं मैदान, आणि समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगाच रांगा. पूर्ण स्पर्धेत साडेबारा लाख माणूस आला, आजवरच्या विश्वचषकांतला तो उच्चांक ठरला, हेही खरं. म्हणजे लोकांना यायचं होतं. एकीकडं तिकीट नाही म्हणून माणूस घरी आणि दुसरीकडं खुर्ची रिकामी. माल शेतात सडतोय आणि बाजारात भाव चढलाय, तशातली गत.

सुधारणा काय हव्यात?

ठरल्याप्रमाणे २०३१ चा विश्वचषक भारत आणि बांगलादेशात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात व्हायचा आहे. अजून वेळ हातात आहे. माझ्या अल्पमतीप्रमाणे पाच गोष्टी व्हाव्यात.

१) वेळापत्रक वर्षभर आधी. आपल्याकडं ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे सोयाबीनची मळणी, त्यामागोमाग ज्वारी-हरभऱ्याची पेरणी. तारीख आधी कळली तर माणूस मळणीयंत्र आणि मजूर त्या हिशेबानं ठरवील. एकदा तारीख दिली की सण, परीक्षा, पोलीस बंदोबस्त हे सगळं आधीच बघून दिलेली असावी.

२) तिकिटाची सोडत. ज्याची रेंज चांगली त्याला तिकीट, हा न्याय नाही. महाडीबीटीवर काही वर्षं यंत्रांची सोडत निघायची, ती तुम्हाला माहीत आहे. अर्ज भरायला आठ-पंधरा दिवस द्यायचे आणि मग नावं काढायची. २०१९ ला इंग्लंडमध्ये तिकिटांसाठी अशी सोडत होती. शिवाय ज्याला जायला जमत नाही त्यानं तिकीट अधिकृतपणे परत विकायचं, अशीही सोय होती. ती आपल्याकडं आली तर काळा बाजार आपोआप आटोक्यात येईल. आणि कागदी तिकीटच हवं असेल तर ते तालुक्याच्या पोस्टात मिळावं.

३) स्वस्त तिकीट. याचा पुरावा ताजा आहे. २०२५ च्या महिला विश्वचषकात तिकिटं शंभर रुपयांपासून ठेवली होती. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत आपल्या पोरींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदा चषक जिंकला, तेव्हा मैदान कसं भरलं होतं ते आठवा. सांगलीची स्मृती मानधना त्या संघात होती. ज्या सामन्याला गर्दी कमी अपेक्षित आहे, त्याचं तिकीट शाळेच्या पोरांना नाममात्र दरात द्या. रिकाम्या खुर्चीला कोण पैसे देतं?

४) पाणी, सावली आणि वाट. २०२३ ला मैदानावर पिण्याचं पाणी मोफत देण्याची घोषणा झाली होती, ती चांगलीच गोष्ट. पण घोषणा वेगळी आणि टँकर वेगळा. २०२४ च्या ऑक्टोबरात गहुंजेला भारत-न्यूझीलंड कसोटीच्या पहिल्या दिवशी प्रेक्षकांना उन्हात प्यायला पाणी पुरलं नाही, संघटनेला माफी मागावी लागली. ऑक्टोबर हीट काय असते हे रानात राबणाऱ्याला ठाऊक आहे. गर्दीची गोष्ट तर याहून गंभीर. ४ जून २०२५ ला बंगळूरच्या मैदानाबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा जीव गेला. किती लोक येणार, कोणत्या दारानं येणार, बाहेर कसे पडणार, याचा आराखडा तिकीट विकण्याआधी तयार पाहिजे.

५) एसटी आणि वेळ. २०२३ चे बहुतेक सामने दुपारी दोनला सुरू झाले, म्हणजे उठायला रात्रीचे दहा. खेड्यातल्या माणसानं मग रात्र काढायची कुठं? पूर्वी पुण्याचे सामने नेहरू स्टेडियमवर व्हायचे, स्वारगेटला एसटीतून उतरलं की चालत जाता यायचं. २९ फेब्रुवारी १९९६ ला तिथं केनियानं बलाढ्य वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळून हरवलं. आमच्याकडचे एक आप्पा तो सामना बघून आले होते, अजून सांगताना रंगतात. आताचं मैदान गहुंजेला, द्रुतगती मार्गाच्या कडेला. तिथं स्वतःची गाडी असलेल्याची सोय, बाकीच्यांनी काय करायचं? यात्रेला जशा जादा गाड्या सुटतात, तशा सामन्याला तालुक्याहून सुटाव्यात आणि परतीचं भाडं तिकिटातच धरावं.

छोट्या संघांचं काय?

केनियाचं नाव निघालं म्हणून सांगतो. २०१५ ला चौदा संघ होते, पुढच्या दोन स्पर्धांत दहाच ठेवले. पण २०२३ ला खरी रंगत आणली कुणी? अफगाणिस्ताननं इंग्लंड, पाकिस्तान आणि श्रीलंका यांना हरवलं, नेदरलँड्सनं दक्षिण आफ्रिकेला. लहान शेतकऱ्याला पाणी दिलं की तोही पीक काढून दाखवतो. दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आणि नामिबियात होणाऱ्या २०२७ च्या स्पर्धेत पुन्हा चौदा संघ ठरले आहेत, हे बरं झालं.

आपण गावात काय करायचं?

सगळेच काही मैदानावर जाणार नाहीत. बहुतेकांचा विश्वचषक टीव्हीवरच. २००७ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्रण दूरदर्शनला द्यावं लागतं. त्यात रोजचा निदान एक सामना यावा, ही मागणी रास्त आहे. सरपंच मंडळींना विनंती अशी की परवानगी घेऊन मोठ्या सामन्याला ग्रामपंचायतीसमोर पडदा लावावा, बायामाणसांना बसायला वेगळी चांगली जागा ठेवावी आणि त्या दिवशी विजेची अडचण येऊ नये म्हणून वायरमनला आधी सांगून ठेवावं. तरुण मंडळांनी वरच्या पाच मागण्या ग्रामसभेत मांडून ठराव करावा आणि तो आपल्या खासदारांकडं द्यावा. एका गावाच्या ठरावानं काय होणार, असं म्हणू नका. एका थेंबानं रान भिजत नाही, पण ठिबक थेंबाथेंबानंच चालतं.

२०३१ ला माझ्या गटातली ती पोरं तिशीत असतील, कुणाच्या खांद्यावर लेकरू असेल. त्या लेकराला सामना दाखवून परत येताना 'पुन्हा येऊ' असं त्यांच्या तोंडून निघालं पाहिजे. तुम्हाला काय वाटतं ते शेतीशाळेत भेटाल तेव्हा सांगा. पहिली दहा मिनिटं त्यासाठीच राखून ठेवतो.