जीपला कप्पे करून घेताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

'जीप' हे नाव आपल्याकडे कुठल्याही दणकट, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीला सर्रास लावलं जातं. मग ती जुनी विलीज असो, महिंद्राची एमएम ५४० असो, की २०२० साली आलेली नवी थार असो. या साऱ्या गाड्या घाट चढतात, ओढे ओलांडतात, चिखलातून बाहेर येतात. पण सामान कुठे ठेवायचं, हे मात्र विचारू नका! मग मालक एखादा सुतार किंवा फॅब्रिकेशनवाला गाठतो आणि म्हणतो, "मागे एक ऐसपैस पेटी करून द्या." ही पेटी कशी असावी आणि कशी नसावी, याचा आज आपण थोडा विचार करू. विषय साधा वाटतो, पण चुकला तर जिवावर बेतू शकतो.

सुरुवात मूळ जीपपासूनच करू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करासाठी विलीज जीप तयार झाली. लष्कराच्या कागदोपत्री तिचं वर्णन 'पाव टनी ट्रक' असं होतं. त्यांच्या टनाच्या हिशेबाने पाव टन म्हणजे साधारण २२५ किलो. एवढ्याशा गाडीत सामानाची सोय कशी केली होती? मागच्या दोन्ही कोपऱ्यांत, चाकांच्या मागे, हत्यारांसाठी झाकणाचे छोटे कप्पे होते. फावडं आणि कुऱ्हाड चालकाच्या बाजूला, बाहेरून पट्ट्यांनी जखडलेली असत. मागे २० लिटरचा इंधनाचा डबा. जड वस्तू खाली आणि प्रत्येक वस्तू बांधलेली, हे त्या रचनेत दिसतं. आजही तोच धडा गिरवायचा आहे.

पहिला प्रश्न वजनाचा. प्रत्येक गाडीची एकूण वजनाची मर्यादा कंपनीने ठरवलेली असते. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं, की माणसं आणि सामान मिळून किती नेता येईल ते कळतं. समजा, ही शिल्लक ५०० किलो आहे. चार माणसांचे २८० किलो गेले. उरले २२०. आता पेटी १८ मिलिमीटरच्या प्लायची केली, तर आठ बाय चारचा एक अख्खा तक्ताच सुमारे ३५ किलोचा भरतो. दोन तक्ते लागले, तर रिकामी पेटीच ७० किलोची झाली! तोच तक्ता १२ मिलिमीटरचा घेतला तर सुमारे २३ किलो आणि दोन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा घेतला तर १६ किलो. म्हणून जाड प्लाय म्हणजे मजबुती, हा समज सोडून द्यावा. पातळ तक्ता आणि कोपऱ्यांना अँगल, ही जोडी हलकीही होते आणि टिकतेही. प्लाय मात्र पाण्याला टिकणारा मरीनच घ्यावा.

दुसरा प्रश्न, वजन कुठे ठेवायचं? नव्या थारच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २ मीटर ४५ सेंटिमीटर आहे. अशा गाडीत मागच्या चाकांच्याही ६० सेंटिमीटर मागे १०० किलो ठेवले, तर तराजूच्या दांडीसारखा प्रकार होतो. मागच्या चाकांवर सुमारे १२५ किलो येतात आणि पुढच्या चाकांवरचे २५ किलो कमी होतात. पुढची चाकं हलकी झाली, की चढावर आणि ओल्या वळणावर स्टिअरिंगची पकड कमी होते. म्हणून जड सामान मागच्या दाराशी नको. ते मागच्या चाकांच्या पुढे, सीटच्या पाठीला लागून आणि जमिनीलगत हवं. टपावरच्या कॅरिअरवर तर तंबू-पथारीसारखं हलकं सामानच न्यावं. तिथे जड वस्तू ठेवली की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि आडव्या उतारावर कलंडायला गाडीला फारसं निमित्त लागत नाही.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बांधणीचा. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असताना धडकली आणि अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर आतली प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या जवळजवळ वीसपट जोराने पुढे झेपावते. दहा किलोचा जॅक दोनशे किलोंचा होतो. सत्तर किलोंची भरलेली पेटी चौदाशे किलोंची होते. आणि तिच्या पुढे कोण बसलेलं असतं? बहुधा आपलीच मुलं. त्यामुळे पेटी दोन लाकडी स्क्रूंवर सोडून चालत नाही. गाडीच्या तळाचा पत्रा पातळ असतो, त्यातून बोल्ट सहज उपटून येतो. कंपनीने सीट किंवा पट्टे बसवायला दिलेली भोकं मोकळी असतील तर ती वापरावीत. नवं भोक पाडावंच लागलं, तर पत्र्याच्या खालून हाताच्या पंजाएवढी जाड लोखंडी पट्टी द्यावी आणि धक्क्याने सैल न होणारा नायलॉनचा नट वापरावा. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून पाहावं. तिथे इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरी असतात.

घरच्या फर्निचरचे नियम इथे लागू पडत नाहीत. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरचे चॅनेल सपाट घरासाठी असतात. खडबडीत रस्त्यावर ते खिळखिळे होतात. चुंबकाचा कॅच पहिल्याच खड्ड्यात सुटतो. त्यापेक्षा पत्र्याच्या ट्रंकेला असते तशी ओढून बसणारी कडी बरी. ड्रॉवर केलाच, तर तो बंद असताना आणि पूर्ण उघडा असतानाही अडकून राहिला पाहिजे. नाहीतर उतारावर उभ्या गाडीत तो गुडघ्यावर येतो. आतून रबर किंवा फोम लावला की खडखडाट थांबतो. मोठ्या कप्प्यात आडव्या फळ्या घालाव्यात, म्हणजे अर्धा रिकामा कप्पाही वाजत नाही.

आपल्याकडचा पाऊस आणि धूळ यांनाही विसरून चालणार नाही. झाकणाला रबराची पट्टी हवी आणि तळाला पाणी निघून जायला छोटी भोकं हवीत. कापलेल्या पत्र्याच्या कडांना झिंक प्रायमर लावावा. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे आणखी एक काळजी घ्यावी लागते. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना थेट टेकले की ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. दोहोंच्या मध्ये रबराची चकती घालावी.

काय कुठे ठेवावं? ओढायचा दोर, बॅटरी, प्रथमोपचाराची पेटी या वस्तू बाकीचं सामान न उपसता हाती आल्या पाहिजेत. आग विझवण्याचं नळकांडं चालकाच्या हाताशी हवं. मागच्या कप्प्यात कुलपाखाली ठेवलं, तर वेळेला त्याचा उपयोग नाही. जादा पेट्रोल किंवा डिझेल मात्र गाडीच्या आतल्या बंद कप्प्यात कधीही ठेवू नये. वाफ साठते आणि एक ठिणगी पुरते.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला मनाने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हा मुद्दा ठामपणे मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. म्हणून सांगाडा कापणं, मागची सीट कायमची काढून टाकणं, गाडीच्या बाहेर पेट्या लटकवणं यांच्या वाटेला जाण्याआधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी विचारावं. आत बसणारी, चार बोल्ट सोडले की बाहेर निघणारी पेटी हा त्यातल्या त्यात सरळ मार्ग.

पेटी करण्याआधी एक सोपा प्रयोग करा. नेहमी नेता ते सगळं सामान अंगणात मांडा आणि घरच्या वजनकाट्यावर एकेक वस्तू तोला. गेल्या चार सफरींत ज्याला हातही लागला नाही, ते बाजूला काढा. उरलेल्या सामानाच्या मापाचे कप्पे पुठ्ठ्यात कापून गाडीत ठेवून पाहा. दार उघडतं का, मागचं दिसतं का, जॅक निघतो का, हे तपासा. त्यानंतरच कारागिराकडे जा. आणि पेटी बसल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळायला विसरू नका.