विश्लेषण : दहावी-बारावीच्या मुलांना घरबसल्या, विद्यावेतनासह इंटर्नशिप का मिळत नाही? अडचण कायद्याची की लॅपटॉपची?

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी इंटर्नशिप आता नवी राहिलेली नाही. मात्र १५ ते १७ वयोगटातील मुलांनाही ऑनलाइन आणि मोबदल्यासह काम शिकता यावे, हा विचार करोनाकाळानंतर पुढे आला. न्यूयॉर्क शहराने तो मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. भारतात मात्र इंटर्नशिपच्या प्रमुख सरकारी योजना प्रौढांसाठीच आहेत. असे का आणि हे बदलायचे तर काय करावे लागेल, याचा आढावा.

विद्यावेतन कशासाठी?

शिकायला मिळते, मग पैसे कशाला, असा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर सुट्टीतील कामात आहे. अनेक घरांतील मुले परीक्षा संपताच शेतावर, दुकानात, केटरिंगच्या किंवा मंडपाच्या कामाला जातात. त्या कमाईतून पुढच्या वर्षाची फी आणि पुस्तके येतात. अशा मुलाला महिनाभर विनामोबदला इंटर्नशिप परवडत नाही. परिणामी विनामोबदला संधी ज्यांना पैशांची गरज नाही त्यांच्याकडेच जाते आणि पुढे अर्जात ‘अनुभव’ म्हणून तीच मुले ती दाखवतात. ऑनलाइन कामामुळे शहरात राहण्या-जेवण्याचा खर्चही वाचतो. म्हणून ‘घरबसल्या’ आणि ‘विद्यावेतनासह’ या दोन्ही अटी एकत्र महत्त्वाच्या ठरतात.

न्यूयॉर्कमध्ये काय झाले?

न्यूयॉर्क शहरात १९६३ पासून ‘समर यूथ एम्प्लॉयमेंट प्रोग्रॅम’ ही उन्हाळी रोजगार योजना चालते. १४ ते २४ वयोगटातील मुलांना सहा आठवडे काम मिळते. १६ वर्षांवरील मुलांना तासाप्रमाणे किमान वेतन, तर १४-१५ वर्षांच्या मुलांना प्रकल्प करण्यासाठी ठरावीक विद्यावेतन दिले जाते. अर्ज जास्त आणि जागा कमी असल्याने बहुतांश निवड सोडतीने होते. २०२० मध्ये करोनामुळे ही योजना आधी रद्द झाली. त्यावर टीका झाल्यानंतर ‘समर ब्रिज’ या नावाने ३५ हजार जागांची पूर्ण ऑनलाइन आवृत्ती सुरू करण्यात आली. २०२२ मध्ये जागा एक लाखांवर नेण्यात आल्या. म्हणजेच घरबसल्या काम ही मुळात आणीबाणीतील सोय होती. पण शाळकरी मुलांना दूरस्थ पद्धतीने काम देता येते, हे त्यातून दिसले.

अशा योजनांचा फायदा खरेच होतो का?

होतो, पण अपेक्षा असते तिथे नेहमीच नाही. न्यूयॉर्कमध्ये सोडत असल्याने निवड झालेल्या आणि न झालेल्या मुलांची तुलना संशोधकांना करता आली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, सहभागी मुलांचे त्या वर्षीचे उत्पन्न वाढले; मात्र पुढील काही वर्षांत त्यांची कमाई वाढली नाही, उलट किंचित घटली. महाविद्यालयीन प्रवेशावरही परिणाम दिसला नाही. दुसरीकडे, तुरुंगवास आणि अकाली मृत्यूचे प्रमाण घटले. शिकागोतील अशाच योजनेचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहभागी मुलांना हिंसक गुन्ह्यांत अटक होण्याचे प्रमाण १६ महिन्यांत ४३ टक्क्यांनी कमी आढळले. हे दोन्ही अभ्यास प्रत्यक्ष जाऊन केलेल्या कामाचे आहेत. वरिष्ठांच्या सहवासात मिळणारी शिस्त पडद्यावरून तेवढीच मिळेल, असे त्यावरून म्हणता येत नाही.

भारतात सध्या काय आहे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवसांचा ‘दप्तराविना’ उपक्रम आहे. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना सुट्टीतही इंटर्नशिपची संधी देता येईल आणि व्यावसायिक अभ्यासक्रम ऑनलाइन उपलब्ध होतील, असेही त्यात म्हटले आहे. विद्यावेतनाचा मात्र त्यात उल्लेख नाही.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत सुरुवातीला महिना पाच हजार रुपये मिळत होते. पण प्रायोगिक टप्प्यात वयोमर्यादा २१ ते २४ होती आणि पूर्णवेळ विद्यार्थी त्यातून वगळले होते. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना सहा हजार रुपये मिळतात, पण वयाची अट १८ ते ३५ आहे. शिकत असलेला १६-१७ वर्षांचा विद्यार्थी या दोन्हींच्या बाहेर राहतो.

१८ वर्षांखालील मुलांनी काम करणे कायदेशीर आहे का?

बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई आहे. घरचा व्यवसाय आणि कलाक्षेत्र यांना अटींसह सूट आहे. १४ ते १८ वयोगटासाठी खाणी, ज्वलनशील व स्फोटक पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया वर्ज्य आहेत. संगणकावरचे काम या यादीत बसत नाही. मात्र या वयोगटाला आस्थापनेत सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही, मध्ये किमान तासाभराची विश्रांती द्यावी लागते आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम करून घेता येत नाही.

हे नियम दुकाने आणि कारखाने डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. कॉलेज आणि क्लास आटोपून घरी येणारा विद्यार्थी मोकळा होतो तोच नेमका सातनंतर. त्यामुळे सत्र सुरू असताना असे काम देण्यापेक्षा दहावीच्या परीक्षेनंतर अकरावी सुरू होईपर्यंतचा काळ किंवा दिवाळीची सुट्टी अधिक सोयीची ठरते.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण कराराची. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नाही. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने असा करार मुळातच निरर्थक ठरवला. पालकाने सही केली तर? मुंबई उच्च न्यायालयापुढे १९४९ मध्ये असे प्रकरण आले होते. अल्पवयीन अभिनेत्रीसाठी तिच्या वडिलांनी चित्रपट कंपनीशी करार केला, पण भूमिका दुसरीला मिळाली. नुकसानभरपाईचा दावा फेटाळताना न्यायालयाने तो सेवाकरारच निरर्थक ठरवला. थोडक्यात, काम करून घेऊन कोणी पैसे बुडवले, तर मुलाची बाजू कमकुवत राहते.

यावर उपाय कायद्यातच आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार बिगर-धोकादायक उद्योगांत १४ वर्षांपासून शिकाऊ उमेदवार घेता येतो आणि अल्पवयीन असल्यास पालक त्याच्या वतीने करार करू शकतात. अशीच स्पष्ट तरतूद शालेय इंटर्नशिपसाठी केल्यास हा प्रश्न सुटू शकतो.

लॅपटॉप कोणाकडे आहे?

दुसरी अडचण साधनांची. ‘असर २०२३’ या ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाच्या पाहणीत सुमारे ९० टक्के घरांत स्मार्टफोन आढळला, पण संगणक किंवा लॅपटॉप सुमारे ९ टक्के घरांतच होता. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के होते. संगणक घरी असणे गृहीत धरून योजना आखली, तर ती शहरातच अडकेल आणि गावातील मुली सर्वांत मागे राहतील. शाळेची संगणक प्रयोगशाळा सुट्टीत उघडी ठेवणे हा त्यातला व्यवहार्य मार्ग आहे.

पैसे आणि माहिती यांचे काय?

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दहा वर्षांवरील मुले बँकेने ठरवलेल्या मर्यादेत बचत खाते स्वतः चालवू शकतात. अल्पवयीन मुलाचे उत्पन्न करासाठी सहसा पालकाच्या उत्पन्नात धरले जाते. पण अंगमेहनत किंवा स्वतःचे कौशल्य वापरून मिळवलेले उत्पन्न याला अपवाद आहे. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील प्रत्येक जण ‘बालक’ आहे. त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते आणि वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई आहे. हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. कर्मचाऱ्यांच्या स्क्रीनवर लक्ष ठेवणारी सॉफ्टवेअर मुलांसाठी वापरण्यापूर्वी कंपन्यांना याचा विचार करावा लागेल.

पालकांनी काय तपासावे?

पहिला प्रश्न एकच : पैसे कोण कोणाला देणार? ‘नोंदणी शुल्क’, ‘प्रमाणपत्र शुल्क’ किंवा ‘अनामत’ मागितली, तर ती इंटर्नशिप नव्हे, विक्री आहे. कामाचे स्वरूप, तास, विद्यावेतन आणि मार्गदर्शकाचे नाव लेखी घ्यावे. मुलाच्या खात्यात रक्कम टाकून ती दुसरीकडे पाठवायला सांगितल्यास ताबडतोब थांबावे. गुन्ह्यातील पैसे फिरवण्यासाठी अशी खाती वापरली जातात. फसवणूक झाल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

तरतूद होईपर्यंत कंपनी आणि विद्यार्थी यांच्यामध्ये शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय असणे हेच मुलांचे मोठे संरक्षण आहे. कंपनीने विद्यावेतन शाळेमार्फत द्यावे आणि कामाची नोंद शाळेने ठेवावी. तसे झाले तर पैसे बुडाल्यास दाद मागणारे कोणीतरी मुलाच्या पाठीशी असेल.