डागाळलेला दात आणि लेझर

बीड जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. लहानपणापासून ते पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. ते झाकायला कुणी अंबाजोगाईत डेंटिस्टकडे गेलं, की वेगळीच अडचण: असं एनॅमल, म्हणजे दाताचं कठीण बाहेरचं आवरण, त्याला खरखरीत करणाऱ्या आम्लाला सहजी दाद देत नाही. आणि खरखरीत झाल्याशिवाय त्यावर डाग झाकणारं कॉम्पोझिट नीट धरत नाही.

आम्लाची युक्ती दंतसंशोधक बुओनोकोर यांची, १९५५ सालची. आज साधारण ३७ टक्के फॉस्फरिक आम्लाचं जेल लावतात. ते पुरेसं पडलं नाही, तर लेझरची मदत घेता येते. एर्बियम-याग लेझरचा २,९४० नॅनोमीटरचा किरण एनॅमलमधलं पाणी शोषून घेतं, त्याची क्षणात वाफ होते आणि खनिजाचे कण टकटक आवाज करत उडतात. वरून पाण्याचा फवारा हवाच, नाहीतर दात तापेल. जाहिराती काहीही म्हणोत, लेझरने बारीक तडेही जाऊ शकतात. म्हणून लेझरनंतरही जेल लावलेलं बरं.