वॉशिंग्टन : आडनावाचे मूळ गाव

इंग्लंडच्या ईशान्य भागात, वेअर नदीच्या उत्तरेस वॉशिंग्टन हे गाव आहे. त्याच्या नावातील ‘टन’ म्हणजे अँग्लो-सॅक्सन लोकांची वाडी. ‘इंग’ हा संबंध दाखवणारा प्रत्यय असून आरंभीचा भाग वासा किंवा ह्वासा नावाच्या माणसाचा, असे अभ्यासक मानतात. म्हणजे हे वासाच्या माणसांचे गाव. इंग्लंडमधली पुष्कळ गावे अशीच मालकाच्या नावावरून ओळखली गेली. काहींना जमिनीने नाव दिले: ‘स्टॅनली’ म्हणजे रान तोडून मोकळी केलेली खडकाळ जागा. ‘सेल्बी’सारख्या नावांतील ‘बी’ हा वस्तीवाचक शब्द डेन्मार्ककडून आलेल्या लोकांनी आणला.

गावाचे आडनाव कसे झाले, याचा इथला पुरावा दुर्मीळ म्हणावा इतका स्पष्ट आहे. डरहॅमच्या बिशपने 1183 मध्ये आपल्या जमिनींची मोजदाद करवली. ‘बोल्डन बुक’ या त्या दप्तरात विल्यम द हर्टबर्नची नोंद सापडते: त्याने हर्टबर्न गाव सोडून बदल्यात वॉशिंग्टन घेतले, चर्च आणि चर्चची जमीन वगळून. वार्षिक खंड ठरला 4 पौंड. गाव बदलले तसे नावही बदलले आणि विल्यम ‘द वेसिंग्टन’, म्हणजे वॉशिंग्टनचा, झाला. ही अदलाबदल झाली नसती, तर अमेरिकेच्या राजधानीचे नाव आज वेगळे असते.

सरदार आपल्या जहागिरीचे नाव लावत. सामान्य माणसाला मात्र गावाचे नाव बहुधा गाव सोडल्यावरच चिकटे. जिथे सगळेच नॉर्टनचे, तिथे नॉर्टन म्हणून एकाला ओळखणार कसे? पुढे ‘द’ गळाले आणि गावनाव तेवढे वंशपरंपरेने उरले.

वॉशिंग्टन घराण्याची एक शाखा नॉर्दॅम्प्टनशरमधील सल्ग्रेव्ह इथे गेली. तिच्यातला जॉन वॉशिंग्टन सतराव्या शतकाच्या मध्यात व्हर्जिनियात पोहोचला. जॉर्ज वॉशिंग्टन हा त्याचा पणतू.

वॉशिंग्टन गावातला ‘ओल्ड हॉल’ हा वाडा 1613 मध्ये घराण्याकडून गेला. आजची इमारत बव्हंशी सतराव्या शतकातील आहे, पण स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामधल्या दगडी कमानी त्याआधीच्या वाड्याच्या आहेत. पुढे इथे भाडेकरू कुटुंबे दाटीवाटीने राहू लागली आणि 1930 च्या दशकात वाडा पाडायची वेळ आली. गावकऱ्यांनी समिती नेमून तो वाचवला, हे त्यांचे मोठेच काम. 1957 पासून तो नॅशनल ट्रस्टकडे आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर 1977 मध्ये इथे येऊन गेले.