दार्जिलिंगच्या वाटेवर आईने विचारलेला प्रश्न

बागडोगऱ्याहून निघालेली गाडी रोहिणीच्या घाटरस्त्याला लागली आणि कानात दडे बसू लागले. मागच्या सीटवर मुलगी खिडकीला नाक लावून ढग मोजत होती. आई पुढे, चालकाशेजारी. प्रवासात गप्प बसणं तिला जमत नाही. तिने मायेनेच विचारलं, "आप नेपाल से इधर कब आये?" चालक क्षणभर थांबला, मग शांतपणे म्हणाला, "माँजी, मेरे परदादा यहीं के चायबागान में थे। हम इंडियन हैं।" पुढच्या दोन वळणांपर्यंत कुणीच काही बोललं नाही.

निघण्याआधी नातेवाइकांनी वारंवार एकच शंका काढली होती, "तिकडे सारखे बंद असतात म्हणे, लहान मुलीला आणि म्हाताऱ्या माणसाला घेऊन कशाला जाता?" त्या शंकेचं उत्तर शोधताना मी बरंच वाचलं होतं. पण या डोंगरातली अशांतता नेमकी कशातून येते, हे मला समजलं ते त्या दोन वळणांत.

डोंगर कुणाचा?

दार्जिलिंगचा डोंगर मूळचा सिक्कीमच्या राजाचा. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने तो थंड हवेच्या ठिकाणासाठी मिळवला. शेजारचा कालिम्पोंगचा भाग १८६५ च्या तहानंतर भूतानकडून आला. चहाची लागवड वाढली, रस्ते झाले, १८८१ मध्ये छोटी रेल्वे थेट दार्जिलिंगपर्यंत पोहोचली. या सगळ्याला माणसं लागली. ती मोठ्या संख्येने पूर्व नेपाळमधून आली आणि इथे आधीपासून राहणाऱ्या लेपचा, भुतिया लोकांच्या शेजारी वसली. आज त्यांची पाचवी-सहावी पिढी इथे आहे. अनेक बागांमधली कामगार कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या बागेच्या जमिनीवर राहतात, पण घराखालची जमीन त्यांच्या नावावर नाही. तिच्या पट्ट्याची मागणी अजून सुरू आहे.

वेगळ्या प्रशासनाची मागणी इथे पहिल्यांदा झाली ती १९०७ मध्ये. म्हणजे ती स्वतंत्र भारताहून जुनी आहे. स्वातंत्र्यानंतर हा भाग पश्चिम बंगालमध्ये राहिला. भाषा वेगळी, चेहरेपट्टी वेगळी, आणि सगळे निर्णय कोलकात्यात. त्यात शेजारी नेपाळ हा स्वतंत्र देश आणि दोन्हीकडे येण्याजाण्याला मोकळीक, त्यामुळे इथल्या नेपाळी भाषिकाला, म्हणजे भारतीय गोरख्याला, आपल्याच देशात 'तुम्ही नेपाळचे का?' हा प्रश्न जन्मभर ऐकावा लागतो. 'गोरखालँड' या शब्दात स्वतंत्र राज्याची मागणी आहे, तशीच या प्रश्नातून सुटका मिळवण्याची आसही आहे. भाषेच्या राज्यासाठी लढून १९६० मध्ये ते मिळवलेल्या मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. आणखी एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नेपाळी भाषेला स्थान मिळालं, ते कोकणी आणि मणिपुरीबरोबर, एकाच घटनादुरुस्तीने.

सुभाष घिसिंग यांच्या गोरखा नॅशनल लिबरेशन फ्रंटचं आंदोलन १९८६ ते १९८८ या काळात पेटलं आणि त्यात शेकडो माणसं मेली. २७ जुलै १९८६ रोजी कालिम्पोंगमध्ये गोळीबार झाला. ती तारीख डोंगरात आजही शहीद दिवस म्हणून पाळतात. १९८८ च्या करारातून दार्जिलिंग गोरखा हिल कौन्सिल आली. २००७ मध्ये बिमल गुरुंग यांचा गोरखा जनमुक्ती मोर्चा उभा राहिला आणि २०११ च्या करारातून गोरखालँड टेरिटोरियल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे जीटीए आली. दोन्ही वेळा स्वायत्तता मिळाली, राज्य मिळालं नाही. म्हणून आग वरून शांत दिसते आणि आत धुमसत राहते.

१०४ दिवस

२०१७ च्या मे महिन्यात राज्यभरच्या शाळांत बंगाली शिकवण्याची घोषणा झाली. डोंगरात ती सक्तीची नाही, असा खुलासा पुढे झाला, पण ठिणगी पडून गेली होती. ८ जूनला राज्य मंत्रिमंडळाची बैठक दार्जिलिंगमध्ये भरली आणि त्याच दिवशी शहरात दगडफेक, जाळपोळ झाली. लष्कर बोलवावं लागलं. ऐन हंगाम होता, हॉटेलं भरलेली होती. दुसऱ्या दिवशी पर्यटक मिळेल त्या गाडीने सिलिगुडीकडे उतरू लागले. पाठोपाठ बेमुदत बंद सुरू झाला, तो सप्टेंबरच्या अखेरीस, १०४ दिवसांनी मागे घेतला गेला.

पर्यटक दोन दिवसांत घरी पोहोचले. मागे राहिलेल्यांचं काय झालं? इंटरनेट सुमारे शंभर दिवस बंद होतं. निवासी शाळांतल्या मुलांना खाली उतरवण्यासाठी २३ जूनला १२ तासांची सवलत मिळाली, तेव्हा गणवेशातली पोरं बसमध्ये बसून आपापल्या गावी गेली. गयाबारी आणि सोनादा ही छोट्या रेल्वेची स्थानकं जळाली. युनेस्कोने १९९९ मध्ये जागतिक वारशात घेतलेली हीच ती रेल्वे. गोळ्या चालल्या, आंदोलक मेले.

सगळ्यात खोल घाव बसला तो चहाला. इथला चहा हा भौगोलिक मानांकन मिळवणारा भारतातला पहिला माल. बागा ८७. मे-जूनची दुसरी खुडणी, जिला इथे 'सेकंड फ्लश' म्हणतात, ती सर्वांत मोलाची. नेमकी तीच त्या वर्षी झाडांवर राहिली. न खुडलेली झुडपं माणसाच्या उंचीएवढी वाढली, मध्ये तण माजलं. वर्षाचं उत्पादन निम्म्याहून खाली आलं आणि परदेशातली काही गिऱ्हाइकं दुसऱ्या चहाकडे वळली. बुडालेल्या सुट्टीची भरपाई पुढच्या वर्षी करता येते. बुडालेल्या खुडणीची मजुरी परत येत नाही.

मग जावं की नाही?

'अशांत प्रदेश' हा एकच शिक्का सगळ्या डोंगरांवर मारू नये. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामच्या बैसरनमध्ये दहशतवाद्यांनी पर्यटकांवरच बंदुका रोखल्या. २६ जण मारले गेले, त्यांत महाराष्ट्रातले सहा होते. ती जखम आपल्या घरांत अजून ओली आहे. अशा जागी कुटुंबाने जाऊ नये असं कुणाला वाटलं, तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. दार्जिलिंगची गोष्ट वेगळी आहे. इथल्या आंदोलनाचा रोख सरकारवर असतो. पर्यटकाला खरी भीती असते ती अडकून पडण्याची. आणि त्यासाठी तयारी करता येते.

पहिली तयारी बातम्यांची. निवडणुकांच्या काळात आणि भाषा, करार यांवरचे सरकारी निर्णय होतात तेव्हा वातावरण तापतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने गोरखा प्रश्नावर बोलण्यासाठी मध्यस्थ नेमला आणि राज्य सरकारने त्यावर आक्षेप घेतला, म्हणजे विषय आजही जिवंत आहे. पण दूरचित्रवाणीवर विसंबू नये. होमस्टेच्या दिदीला किंवा गाडीवाल्या दाजूला फोन करून विचारावं. आपण मोठ्या भावाला दादा म्हणतो, तसं तिकडे दाजू. दुकानं उघडी आहेत का, मुलं शाळेत गेली का, या दोन प्रश्नांवरून डोंगराची नाडी कळते.

दुसरी तयारी वाटेची. दार्जिलिंगहून खाली येण्याच्या वाटा मोजक्या आहेत: कर्सियांगवरून, मिरिकवरून किंवा तिस्ता बाजारमार्गे. सिक्कीमची सहल जोडली असेल तर तिस्तेच्या काठचा राष्ट्रीय महामार्ग १० हाच मुख्य आधार. तो बंदमुळे थांबतो, आणि दरडींमुळे त्याहून जास्त वेळा थांबतो. ऑक्टोबर २०२५ च्या पावसात मिरिककडचा दुधियाचा पूल कोसळला, हे विसरू नये. म्हणून परतीच्या विमानाच्या किंवा रेल्वेच्या आदल्या रात्री सिलिगुडीत उतरलेलं बरं. ज्येष्ठ माणसं सोबत असतील तर ही एक रात्र वाचवू नये.

तिसरी तयारी पिशवीतली. २०१७ मध्ये एटीएम, औषधांची दुकानं आणि मोबाइलचं इंटरनेट सगळंच ठप्प झालं होतं. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आम्ही सहलीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त घेतल्या. थोडी रोकड घेतली. तिकिटांच्या छापील प्रती आणि फोन नंबर वहीत लिहून ठेवले. विमा काढताना बंद किंवा दंगलीमुळे सहल रद्द झाली तर पैसे मिळतात का, ते अटींत आधी वाचलं.

आणि एक विनंती. बेत बदलावाच लागला, तर होमस्टेवाल्यांकडे शक्य असेल तेव्हा रक्कम परत मागण्याऐवजी पुढची तारीख मागावी. बंद त्यांनाही झेपत नाही.

बतासियाच्या वळणावर

तिसऱ्या दिवशी पहाटे आकाश मोकळं होतं. घूम गावाच्या खाली, बतासियाच्या वळणावर रेल्वे स्वतःभोवती चक्कर घेते. समोर ८,५८६ मीटर उंचीचं कांचनजंगा गुलाबी होऊन उभं होतं. वळणाच्या मधोमध स्मारक आहे, स्वातंत्र्यानंतर देशासाठी प्राण दिलेल्या इथल्या गोरखा जवानांचं. सगळे डोंगराकडे बघून फोटो काढत होते. आई मात्र स्मारकावरची नावं वाचत राहिली. थापा, राई, तामांग, गुरुंग.

परत येऊन ती गाडीत पुढेच बसली. आमचे दाजू आलुदम खाऊन हात पुसत आले. तिने त्यांना विचारलं, "आपके घर से भी कोई फौज में था?"

"मेरे चाचा," ते म्हणाले. मग घूमपर्यंत ते चाचांबद्दल बोलत राहिले आणि आई ऐकत राहिली.