विश्लेषण : माशाचे मुंडके, ड्रॅगनचे पाय... पोकेमॉनमधील ‘ड्रॅकोविश’ मुद्दाम चुकीचा का जोडला?

जाड पाय, मोठी शेपटी आणि धडावर थेट बसवलेले माशाचे मुंडके. ‘ड्रॅकोविश’ हा पोकेमॉनमधील सर्वांत विचित्र प्राण्यांपैकी एक. तो पाहून हसू येते, पण त्याची घडण जीवाश्मशास्त्राच्या इतिहासातील एका खऱ्या चुकीकडे बोट दाखवते.

हा प्राणी आला कुठून?

नोव्हेंबर २०१९ मध्ये निन्टेन्डो स्विचसाठी ‘पोकेमॉन स्वोर्ड’ आणि ‘शील्ड’ हे खेळ आले. पोकेमॉनच्या आधीच्या खेळांत एक जीवाश्म दिला की एक प्राचीन प्राणी जिवंत होऊन मिळे. इथे चार तुकडे आहेत : मासा, पक्षी, ड्रेक आणि डायनो. पहिल्या दोघांचे फक्त वरचे भाग, उरलेल्या दोघांचे फक्त खालचे. त्यातले कोणतेही दोन जोडायचे. माशाला ड्रेक जोडला की ड्रॅकोविश, डायनो जोडला की आर्क्टोविश. पक्ष्यापासून ड्रॅकोझोल्ट आणि आर्क्टोझोल्ट. म्हणजे जोड्या चार आणि चारही चुकीच्या. बरोबर जोडी खेळात उपलब्धच नाही. जोडणी करणाऱ्या शास्त्रज्ञ बाईंचे नाव कॅरा लिस. भरभर उच्चारले तर इंग्रजीतले ‘केअरलेस’ ऐकू येते!

चुकीच्या सांगाड्याची चुकीची गोष्ट

खरी गंमत पोकेडेक्समध्ये, म्हणजे खेळातल्या प्राणिकोशात आहे. २.३ मीटर उंच आणि २१५ किलो वजनाचा ड्रॅकोविश ताशी ६० किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो, पण त्याला श्वास फक्त पाण्यात घेता येतो, असे तिथे लिहिले आहे. तो त्या काळचा सर्वांत बलाढ्य शिकारी होता आणि भक्ष्य खाऊन संपवल्यामुळे स्वतःच नामशेष झाला, असेही म्हटले आहे. आर्क्टोविशचे तोंड डोक्याच्या वरच्या बाजूला, त्यामुळे पकडलेली शिकार त्याला धड खाता येत नाही.

कोश लिहिणाऱ्याला हा प्राणी असाच होता याबद्दल शंका नाही. त्यामुळे सांगाडा चुकल्यावर त्याच्या जगण्याची आणि नष्ट होण्याची कारणेही त्या चुकीला जुळवून रचली गेली. नुसते हाड चुकीच्या जागी बसण्यापेक्षा हे अधिक गंभीर.

लढाईत मात्र ड्रॅकोविशला कुणी हसले नाही. त्याचा ‘फिशियस रेंड’ हा हल्ला प्रतिस्पर्ध्याच्या आधी झाला तर त्याची ताकद ८५ वरून थेट १७० होते. त्यात जबड्याच्या हल्ल्यांना दीडपट बळ देणारी त्याची क्षमता. अ‍ॅनिमे मालिकेत अ‍ॅशच्या संघातही त्याला जागा मिळाली.

संदर्भ ब्रिटनचा कसा?

या खेळातील ‘गॅलार’ हा प्रदेश ब्रिटनवर बेतलेला आहे आणि ‘डायनोसॉर’ हा शब्द घडला तोही ब्रिटनमध्येच, १८४२ साली रिचर्ड ओवेन यांच्या हातून. त्याआधी १८२५ मध्ये गिडिअन मँटेल यांनी इग्वानोडॉनचे वर्णन केले होते. हाती आलेले एक टोकदार हाड त्यांनी नाकावरचे शिंग मानले. १८५४ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस उद्यानात बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्स यांनी उभारलेले इग्वानोडॉनचे पुतळे त्यामुळे गेंड्यासारखे, नाकावर शिंग असलेले आहेत. १८७८ मध्ये बेल्जियममधील बर्निसार्टच्या कोळसा खाणीत पूर्ण सांगाडे सापडले, तेव्हा ते ‘शिंग’ हाताचा अंगठा निघाले. पुतळे आजही तसेच उभे आहेत.

अमेरिकेत एडवर्ड कोप यांनी १८६८ मध्ये लांब मानेच्या इलास्मोसॉरसचे डोके शेपटीच्या टोकाला बसवले होते. पण या दोन्ही चुका एकाच प्राण्याची हाडे भलत्या जागी बसवण्याच्या. ड्रॅकोविशशी खरे नाते आहे ते दोन वेगळे प्राणी एक मानण्याच्या चुकीचे. शास्त्रज्ञ अशा जोडकामाला ‘कायमेरा’ म्हणतात.

भारतात असे घडले आहे?

होय, जबलपूरला. तिथल्या बारा सिमला टेकडीवर मिळालेल्या हाडांवरून चार्ल्स मॅटली यांनी १९२०च्या दशकात ‘लामेटासॉरस’ हा चिलखतधारी डायनोसॉर जाहीर केला. पुढे लक्षात आले की पाय आणि कमरेची हाडे एका मांसाहारी डायनोसॉरची होती, तर चिलखताचे तुकडे लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरचे. हेच लामेटा खडक आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही आहेत. तिथे डोंगरगावजवळ मिळालेल्या डायनोसॉरला १९९७ मध्ये टायटॅनोसॉरस गटात टाकले गेले. २००३ मध्ये त्याला ‘इसिसॉरस’ हे स्वतंत्र नाव मिळाले.

चूक पकडतात कशी?

हाडे परस्परांना जोडलेल्या स्थितीत सापडली तर प्रश्न मिटतो. विखुरलेली असतील तर ती एकाच थरातली आहेत का, आकार जुळतो का, एकाच बाजूच्या मांडीची दोन हाडे तर नाहीत ना, हे पाहिले जाते. म्हणूनच कोणते हाड कुठे आणि कसे पडले होते, ही नोंद हाडाइतकीच मोलाची.

ही नोंद नसेल तर काय होते, हे १९९९ मध्ये चीनच्या ‘आर्किओरॅप्टर’ने दाखवले. पक्षी आणि डायनोसॉर यांच्यामधला दुवा म्हणून ‘नॅशनल जिओग्राफिक’ने तो छापला. पण जीवाश्मांच्या बाजारात जास्त किंमत यावी म्हणून पक्ष्याच्या धडाला डायनोसॉरची शेपटी चिकटवलेली होती. चिनी संशोधक शू शिंग यांना त्या शेपटीचा जुळा भाग दुसऱ्याच दगडात सापडला आणि बिंग फुटले. ती शेपटी होती चार पंखांच्या मायक्रोरॅप्टरची, म्हणजे खुद्द एका महत्त्वाच्या नव्या प्राण्याची.

गॅलारमध्ये असा जुळा दगड सापडत नाही. ड्रॅकोविशमधल्या माशाचे मूळ धड कसे होते आणि त्या ड्रेकला मुंडके कुणाचे होते, हे खेळाडूला शेवटपर्यंत दिसत नाही.